सायकलीची उलटतपासणी

स्वतःचा खटला स्वतः चालवू नये, असे आम्ही पक्षकारांना नेहमी सांगत आलो आहोत. हा उपदेश सायकलीच्या बाबतीतही तितकाच खरा आहे, हे मात्र आम्हांला चाळिशी उलटल्यावर उमगले.

बेळगावात राहणाऱ्या माणसाला रविवारी पहाटे जांबोटीचा रस्ता साद घालतो. पुढे मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी, त्यापुढे चोर्ला घाट, आणि खाली गोव्यातले केरी. घाट उतरताना सारेच शूर असतात. परंतु केरीहून माघारी चढताना आमच्यासारख्या बैठ्या माणसाची सारी भिस्त मागील चाकाच्या ११ दातेरी चकत्यांपैकी सर्वांत मोठीवर असते. एके दिवशी नेमकी तीच फितूर झाली. खटका दाबावा, ‘टक्’ असा आवाज व्हावा, आणि साखळी जागची हलू नये. मग आमची आशा सुटल्यावर तिने आपल्याच मर्जीने उडी मारावी!

गिअरची तार महिन्यापूर्वीच बदलली होती. तेव्हा दोष कोणाचा, याविषयी आम्हांला क्षणभरही शंका आली नाही. ज्यांनी तार घातली त्या मिस्त्रींचाच! बाररूममध्ये चहा घेता घेता त्यांच्या हलगर्जीपणाची कैफियत आम्ही अशा आवेशाने मांडली की, एका सहकाऱ्याने आपल्या मुलाची सायकल त्यांच्याकडून काढून दुसरीकडे नेली.

वास्तविक हे यंत्र मोठे नाजूक. तूर द फ्रान्स या शर्यतीत साखळी सरकवणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. त्यानंतरही कित्येक वर्षे दांडी किती सरकवायची हे स्वाराच्या बोटांनीच ठरवावे लागे. १९८४ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने एका खटक्याला एक चकती हा नियम आपल्या ड्यूरा-एस संचात आणला. विवेकाधिकार गेला आणि कलम आले म्हणा ना! परंतु ११ चकत्यांच्या संचात दोन चकत्यांमधले अंतर ४ मिलिमीटरहूनही कमी असते. एवढ्याशा जागेत कलमाचा अंमल व्हायचा, तर तार, नळी, चौकट ही सारी सरळ वागली पाहिजेत.

आम्ही स्वतःच न्यायदानास बसलो. तार डिरेलरमध्ये शिरते तेथे एक गोल पेच असतो. तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की ताण वाढतो. पाव फेरा दिला, तेव्हा मोठ्या चकत्या सुधारल्या आणि छोट्या बिघडल्या. उलट फिरवला, तेव्हा छोट्यांचे समाधान झाले आणि मोठ्या अपिलात गेल्या. अखेर सर्वांत मोठ्या चकतीवर साखळी चढेना, म्हणून आतल्या बाजूची मर्यादा राखणारा स्क्रूही आम्ही सैल करून ठेवला.

दुसऱ्या रविवारी घाटाला निघण्यापूर्वी, काहीशा जाब विचारण्याच्या थाटात, आम्ही मिस्त्रींच्या दुकानी गेलो. त्यांनी तारेला हातही लावला नाही. चाकामागे उकिडवे बसून ते बराच वेळ नुसते पाहत राहिले.

“वकीलसाहेब, गाडी उजव्या अंगावर पडली होती काय?”

आम्ही ‘नाही’ म्हणणार होतो. तोच कोर्टाच्या व्हरांड्यातली ती दुपार आठवली. सायकल भिंतीवरून घसरून पडली होती. आम्ही ती उचलली, धूळ झटकली, ओरखडा नाही असे पाहून ती गोष्ट विसरूनही गेलो. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो ॲल्युमिनियमचा छोटा हँगर मुद्दामच मऊ ठेवतात, की आघात झाल्यास तो वाकावा आणि चौकट वाचावी. तो आत वाकला होता. अशा वेळी सर्व चकत्यांना मानवेल असा ताण सापडतच नाही.

मिस्त्रींनी लांब दांड्याचे मापक लावून रिमशी चार ठिकाणी अंतर ताडले, हँगर हलकेच सरळ केला आणि मग स्क्रूकडे पाहिले.

“हा कुणी सोडला?”

“आम्हीच.”

“असेच घाटात गेला असता आणि मोठ्या चकतीवर खटका दाबला असता, तर साखळी नाहीतर डिरेलरच चाकाच्या तारांत गेला असता.” एवढेच बोलून त्यांनी स्क्रू आवळला. तपासाचा क्रमही त्यांनी सांगितला: आधी गाडी पडली का ते विचारा, मग हँगर पाहा, मग तार नळीत अडखळते का ते पाहा, नंतर मर्यादेचे स्क्रू, आणि ताण सर्वांत शेवटी. आम्ही नेमके शेवटच्या कलमापासून आरंभ केला होता, आणि पहिला प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता!

त्या दिवशी चोर्ल्याचा चढ आम्ही एकही ‘टक्’ वाया न जाता चढलो. खरा चढ सोमवारी होता. बाररूममध्ये त्याच चौघांपुढे आम्ही आपले शब्द मागे घेतले. तिघे हसले. ज्यांनी सायकल हलवली होती ते मात्र हसले नाहीत. मुलाच्या सायकलीला नवी ब्रेकपट्टी घालायची होती. ती कोठे घालायची, याचा पत्ता त्यांनी आम्हांला पुन्हा विचारला.