दुसऱ्या ध्वनियंत्रणेचे स्पीकर: आधी भिंतीचा विचार

घरातील मुख्य ध्वनियंत्रणेसमोर माणूस ऐकण्यासाठी येऊन बसतो. दुसरी यंत्रणा मात्र स्वयंपाकघरात, निजायच्या खोलीत किंवा अभ्यासिकेत, हात कामात गुंतलेले असताना कानावर पडत राहावी म्हणून लावली जाते, आणि या एका फरकाने तिची सारी तांत्रिक गणिते बदलतात. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, विविध भारती १९५७ साली आली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे हे काम फळीवरच्या एकट्या रेडिओने केले. आज त्याच्या जागी भिंतीवरची स्पीकरची जोडी येऊ लागली आहे. दिवाळीपूर्वी भिंतींना रंग लागतो तेव्हाच तारा कुठून न्यायच्या हा प्रश्न घरात निघायला हवा. खंत एवढीच, की बहुतेक घरांत हा निर्णय रंग सुकल्यावर घेतला जातो.

या क्षेत्रात सर्वाधिक उगाळला गेलेला आणि सर्वांत कमी समजून घेतलेला नियम म्हणजे ‘स्पीकर भिंतीपासून दूर हवा’ हा होय. मोठ्या खोलीत स्टँडवर उभ्या केलेल्या स्पीकरसाठी तो ठीक असला, तरी दहा बाय बाराच्या खोलीला तोच लावला की भिंतीवरचा स्पीकर म्हणजे नाइलाजाची तडजोड असा ग्रह होतो, आणि तो पदार्थविज्ञानाला धरून नाही. हवेची दर सेकंदाला होणारी आंदोलने म्हणजे कंप्रता, आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. कमी कंप्रतेचा, म्हणजे खर्जाचा, ध्वनी खोक्याच्या केवळ पुढे न जाता चहूबाजूंना पसरतो. मागे गेलेला ध्वनी भिंतीवर आपटून परततो, आणि भिंतीचे अंतर त्या ध्वनीच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असेल, तर जाण्यायेण्यात अर्धी तरंगलांबी खर्ची पडल्यामुळे परतलेली लाट मूळ लाटेच्या नेमकी उलट पडून तिला मारते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे असलेल्या स्पीकरच्या ध्वनीत हा खड्डा सुमारे १४३ हर्ट्झला पडतो; काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘जरा पुढे ओढून ठेवा’ या सल्ल्यापायी काय गमावले जाते ते कळते. स्पीकर भिंतीलाच टेकवला आणि त्याचा दर्शनी भाग भिंतीपासून १० सेंटिमीटरवर आला, तर तोच खड्डा ८५७ हर्ट्झच्या आसपास सरकतो, आणि तेथे ध्वनी बहुतांशी पुढेच जात असल्याने परतणारी लाट दुबळी असते. उलट त्याखालच्या स्वरांना भिंतीचा सहा डेसिबलपर्यंत आधार मिळतो. खोलीच्या भिंती स्पीकरच्या ध्वनिशक्तीवर कसा परिणाम करतात, हे रॉय ॲलिसन यांनी १९७४ साली शोधनिबंधातून मांडले. त्याला पन्नास वर्षे उलटली तरी तोच जुना सल्ला दिला जातो, याचे वैषम्य या विषयात आयुष्य घालवलेल्या कोणालाही वाटावे.

मात्र याचा अर्थ हाती लागेल तो स्पीकर भिंतीवर टांगावा असा नाही. अरुंद खोक्याभोवतून खर्ज मागे निसटतो म्हणून, स्टँडसाठी घडवलेल्या स्पीकरमध्ये रचनाकार खालच्या स्वरांना आधीच उचल देतो, आणि ती खालच्या स्वरांचा वूफर व वरच्या स्वरांचा ट्वीटर यांच्यात स्वरांची वाटणी करणाऱ्या क्रॉसओव्हर नावाच्या परिपथात दिलेली असते. २० सेंटिमीटर रुंदीच्या खोक्यात तिची गरज साधारण ५०० ते ६०० हर्ट्झच्या खाली लागते. असा स्पीकर भिंतीवर गेला की परिपथाची उचल आणि भिंतीचा आधार यांची बेरीज होते, आणि बातम्या देणाऱ्याचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. त्यातून खोक्याच्या पाठीला हवेचे भोक, म्हणजे पोर्ट, असेल तर भिंतीमुळे तेही कोंडते. म्हणून बंद खोक्याचा, उथळ बांध्याचा आणि भिंत गृहीत धरूनच बेतलेला स्पीकर निवडणे इष्ट होय. बंद खोक्यात कोंडलेल्या हवेकडूनच स्प्रिंगचे काम करून घेण्याची पद्धत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ च्या एआर-१ या स्पीकरमध्ये रूढ केली. अशा खोक्याचा खर्ज एकदम तुटत नाही, हळूहळू उतरतो, आणि भिंतीच्या आधाराने चांगला पाच इंची वूफरही काळी एकच्या मंद्र षड्जाच्या, म्हणजे ७० हर्ट्झच्या, जवळ जाऊ शकतो.

दुसरा चिवट गैरसमज वॅटचा. ‘पीएमपीओ’ या नावाखाली खोक्यांवर छापल्या गेलेल्या हजारांच्या आकड्यांनी ग्राहकाची समज इतकी बिघडवली आहे, की संवेदनक्षमता हा खरा आकडा कोणी विचारतच नाही. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटरवर जितके डेसिबल मिळतात, ती स्पीकरची संवेदनक्षमता होय. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि खोलीत कूलर चालू असतो, तेव्हा हिशेब त्या कूलरपासूनच सुरू करावा लागतो. त्याचा आवाज ६० डेसिबलच्या घरात धरला आणि शब्द विनासायास कळण्यासाठी बोलणे त्याहून १५ डेसिबल वर असावे असे मानले, तर ऐकणाऱ्यापाशी ७५ डेसिबल हवेत. ८६ डेसिबलचा स्पीकर बंद खोलीत तीन मीटरवर एका वॅटमध्ये साधारण ८० डेसिबल देतो. म्हणजे सरासरीसाठी वॅटचा तिसरा हिस्सा पुरतो, आणि आवाजातील क्षणिक उसळीसाठी १५ डेसिबल राखून ठेवले तरी गरज दहा वॅटच्या आसपासच थांबते. वॅट दुप्पट केल्याने वाढतात ते फक्त तीन डेसिबल. तेवढेच तीन डेसिबल अधिक संवेदनक्षम स्पीकर घेतल्यानेही मिळतात.

कूलर बंद असतो तेव्हा हीच यंत्रणा अगदी हळू आवाजात चालते, आणि तेथे कानाचा स्वभाव आड येतो: आवाज कमी झाला की कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले. भिंतीने दिलेली माफक उचल येथे उपकारकच ठरते.

हवामानाचा विचार तर नागपुरात टाळताच येत नाही. कूलरच्या ओल्या ताट्यांवरून येणारी दमट हवा लाकडी तंतूंच्या फळीला, म्हणजे एमडीएफला, उघड्या कडांतून फुगवते आणि स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी पडद्यात, म्हणजे कोनात, शिरते, म्हणून पॉलिप्रॉपिलिनचा कोन बरा. कोनाभोवतीची लवचीक कड फोमची असेल तर उष्णतेत आणि दमटपणात ती झिजून तुटते, रबराची कितीतरी अधिक टिकते. कूलरच्या थेट झोतात किंवा दुपारभर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर स्पीकर लावू नये. भिंत कशाची आहे तेही पाहावे: नव्या इमारतींतील हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत विटेसाठीचा विस्तारणारा खुंटा धरत नाही, त्यासाठी वेगळे फिक्सिंग लागते. आणि कोणत्याही भिंतीत भोक प्लास्टर ओलांडून आतल्या बांधकामात गेलेच पाहिजे.

स्पीकर छताच्या कोपऱ्यात चढवण्याची रीत सोडून द्यावी, कारण तेथे दोन भिंती आणि छत मिळून खर्ज बेसुमार फुगवतात. तो दोन मीटर उंचीवर असेल आणि बसलेल्या माणसाचा कान एक मीटरवर, तर तीन मीटर अंतरासाठी त्याचे तोंड सुमारे १८ अंश खाली झुकवावे. पंधरा मीटर लांबीची तार दीड चौरस मिलिमीटर तांब्याची असली, तर तिचा जाण्यायेण्याचा एकूण रोध ०.३६ ओहमच्या आसपास राहतो, जो आठ ओहमच्या स्पीकरला चालून जातो. मात्र ती २३० व्होल्टच्या वायरिंगबरोबर एकाच नळीतून नेऊ नये. सभागृहांसाठी बनवलेले, आत ट्रान्सफॉर्मर असलेले १०० व्होल्ट लाइनचे स्पीकर दिसायला सारखेच असतात, पण घरच्या ॲम्प्लिफायरला ते जोडायचे नसतात.

फोनला जोडायचा एकच बिनतारी डबा असताना एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो, आणि लहान स्वयंपाकघरापुरता तो डबा पुरतोही. मोठ्या खोलीत मात्र एकाच ठिकाणाहून सर्वांना ऐकवायचे तर जवळच्याला आवाज सोसावा लागतो. दोन भिंतींवरून तो सारखा पसरला की कोणाकडेच मोठा करावा लागत नाही, आणि दुसऱ्या यंत्रणेचे प्रयोजन हेच आहे. म्हणून दुकानात स्पीकर टेबलावर ठेवून नव्हे, तर भिंतीला टेकवून, घरच्या इतक्याच हळू आवाजात, पुरुष निवेदकाच्या बोलण्यावर पारखावा. शब्द स्वच्छ कळत नसतील, तर त्याची किंमत आणि वॅट काहीही असोत, तो घेऊ नये.