कसरतीचें विमान आणि आमचें घर

एकत्र कुटुंबांत एखादी नवी वस्तु आणावयाची म्हटली, म्हणजे तिची किंमत ही शेवटची अडचण असते. पहिली अडचण ही कीं, ती वस्तु कोणत्या सदरांत घालावी. गेल्या वर्षीं आमच्या घरांत असाच प्रश्न निघाला. धाकट्या बंधूंचा सतरा वर्षांचा नातू मोठ्या शहरांतील शिकवणीचा वर्ग अर्धवट सोडून बुलढाण्यास परत आला होता. तो कोणाशीं फारसें बोलत नसे. ताट वाढलें कीं जेवावयास येई, एवढेंच. दिवाळीनंतर त्यानें प्रथम तोंड उघडलें तें एक मागणें घेऊन. त्यास रेडिओच्या लहरींवर चालणारें, आकाशांत कोलांट्या घेणारें लहानसें विमान हवें होतें. बंधु म्हणाले, हें खेळणें. आमचें कुटुंब म्हणालें, हें औषध. मी जन्मभर शिक्षकी केलेली असल्यामुळें मला वाटलें कीं, यांत अभ्यास किती आहे तें पाहावें आणि मग सदर ठरवावें.

विषय पोरकट नव्हता. अल्फोन्स पेनो नांवाच्या फ्रेंच तरुणानें रबराच्या पिळावर चालणारें इवलेसें विमान पॅरिसच्या एका बागेंत उडवून दाखविलें तें १८७१ सालीं. राइट बंधूंचें उड्डाण त्यानंतर ३२ वर्षांनीं झालें. अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं १९३७ मध्यें रेडिओनें चालणारें लहान विमान यशस्वी रीतीनें उडविलें. आपल्याकडेहि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत प्रतिकृति-विमानांचें शिक्षण देतात. हें ऐकून बंधूंचा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा खर्चाचा होता, आणि तो मी माझ्या निवृत्तिवेतनांतून शमविला.

पण कोणतें विमान घ्यावें? दुकानांत दोन जातींचीं विमानें मिळतात. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर बसविलेले असून त्यांचीं टोकें किंचित उचललेलीं असतात. तें कलंडलें तरी हात सैल सोडतांच आपोआप सांवरूं लागतें. कसरतीच्या विमानाचे पंख जवळजवळ सरळ असतात आणि पंखाचा छेद वरून व खालून सारखाच फुगीर असतो; म्हणून तें उलटें होऊनहि तितकेंच नीट उडतें. मात्र तें स्वतः सांवरत नाहीं. ज्या स्थितींत सोडावें, त्याच स्थितींत तें पुढें जातें. हा गुण म्हणून कसरत साधते, आणि हाच गुण नवशिक्याचा घात करतो. मुलास अर्थात् दुसरेंच हवें होतें. आमची तडजोड अशी ठरली कीं, महिनाभर संगणकावरील आभासी विमानावर हात बसवावा, नंतर साधें विमान, आणि त्यानंतर फेसाचें, सुमारें एक मीटर पंखविस्ताराचें कसरतीचें विमान. फेसाचें यासाठीं कीं, पडलें तर तें घरीं चिकटवितां येतें. बाल्सा लांकडाचें विमान दिसावयास देखणें, पण पडल्यावर त्याचा चुरा गोळा करावा लागतो.

जुळणीच्या कामांत मी त्याच्या शेजारीं बसूं लागलों. पहिला नियम त्यानेंच घातला : मोटारीचें काम चालू असतां पंखा काढून ठेवावयाचा. मग गुरुत्वमध्य. पंखाची सरासरी रुंदी २४ सेंटीमीटर. तिच्या पुढच्या कडेपासून सुमारें ७ सेंटीमीटरांवर दोन बोटें लावून विमान उचलावें, तेव्हां तें समतोल, किंवा नाकाकडे किंचित झुकलेलें राहिलें पाहिजे. शेपटीकडे जड झालेलें विमान बेभान होतें. तोल चुकल्यास शिशाचा तुकडा न चिकटवतां बॅटरीच मागेंपुढें सरकवावी, म्हणजे फुकट वजन वाढत नाहीं. नंतर दिशांची परीक्षा : दांडी उजवीकडे नेतांच उजव्या पंखावरील फळी वर आणि डावीकडील खालीं गेली पाहिजे, दांडी आपल्याकडे ओढतांच शेपटीची आडवी फळी वर उठली पाहिजे. ही परीक्षा तो प्रत्येक उड्डाणापूर्वीं करी. फळ्यांची हालचाल आरंभीं थोडीच ठेवली, आणि दांडीच्या मध्याजवळ विमान मवाळ राहावें म्हणून तीस टक्के एक्स्पो दिला. संदेश तुटल्यास मोटार आपोआप बंद व्हावी, हीहि व्यवस्था केली.

बॅटरीचें प्रकरण मात्र घरांतील सर्वांनीं ऐकावें असें होतें. लिथियमच्या प्रत्येक घटाचा दाब भरल्यावर ४·२ व्होल्ट होतो. त्याहून अधिक भरल्यास आग लागूं शकते. म्हणून भारण स्वयंपाकघरापासून दूर, फरशीवर, आणि कोणीतरी समोर बसलेलें असतांनाच होई. बहुधा तें काम माझ्याकडे असे. त्या तासाभरांत आम्ही बोलूं लागलों. वर्गांत उठण्याची, जेवण्याची, झोंपण्याचीहि घंटा होती, असें तो एकदां म्हणाला. आणि घंटा नसली कीं काय करावें हेंच आपणांस कळेनासें झालें होतें, असेंहि म्हणाला. मी कांहीं उपदेश केला नाहीं.

२०२१ च्या ड्रोन-नियमांप्रमाणें दोन किलोपर्यंतचें यंत्र हौसेसाठीं उडविणारास वैमानिकाचा परवाना लागत नाहीं. तथापि क्षेत्रांचा सरकारी नकाशा पाहावा लागतो आणि यंत्र दृष्टीआड होऊं द्यावयाचें नसतें. माघांतील एका सकाळीं वारा पडलेला पाहून आम्ही गांवाबाहेरच्या माळावर गेलों. वर घारी शेपटी पिळीत वळत होत्या. विमान समोरून आपल्याकडे येऊं लागलें कीं उजवें-डावें उलट होतें. तेव्हां जो पंख खालीं झुकेल त्याच्याच बाजूस दांडी न्यावी, हा नियम त्याच्या बोटांत पुरता मुरला होता. त्यानें भरपूर उंची घेतली, विमान पालथें केलें आणि शेपटीची फळी हलकेच खालीं दाबून तें तसेंच माळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलें. बंधु डोळ्यांवर हात धरून पाहात होते. विमान उतरल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "हें शिकवितात कोठें?"

त्या प्रश्नाचें उत्तर घरांत अजून शोधलें जात आहे. मुलाचें मन यंत्रविद्येच्या पदविकेकडे आहे. त्याच्या वडिलांचें मन अद्याप जुन्याच परीक्षेंत अडकलें आहे. पण आतां ही गोष्ट रात्रीं पंगतींत, त्याच्या देखत निघते, आणि तोहि उत्तर देतो. ज्या वाचकांच्या घरीं असें मागणें येईल, त्यांनीं किंमत विचारण्यापूर्वीं मुलाच्या शेजारीं बसून जुळणी पाहावी, एवढेंच सुचवितों. आमच्या खर्चाच्या वहींत विमानाचें सदर अजून कोरेंच आहे.