मुस्तफाची दोन बटणं

तर मंडळी, गेले चार वीकेंड अस्मादिक सुतार आणि इलेक्ट्रिशियन अशा दुहेरी भूमिकेत होते. घरच्या घरी आर्केड कॅबिनेट बनवायचं चाललं होतं. 'हे कपाट हॉलमध्ये राहणार नाही' यावर बायकोशी झालेल्या वाटाघाटी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

निमित्त होतं दादाचं. लहानपणी आम्ही दोघं दळण टाकायला म्हणून जायचो आणि उरलेली चिल्लर गिरणीशेजारच्या पार्लरमध्ये मुस्तफावर उडवायचो. मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स', पण आपल्याकडे ते नाव घेतंय कोण! दादा कायम मुस्तफा, आणि धाकटा म्हणून माझ्या वाट्याला हॅना. दोन वर्षांपूर्वी दादाची बाईक घसरली आणि डाव्या हाताची पकड गेली. बोटं हलतात, पण मूठ वळत नाही. खेळायचा विषय काढला की "आता कुठे रे" म्हणून टाळायचा.

आर्केडवर जॉयस्टिक डाव्या हाताला असते. मी दादाच्या बाजूला ती उजवीकडे घेतली आणि बटणं डावीकडे. मुस्तफाला दोनच बटणं लागतात, एक मारायला आणि एक उडी मारायला, म्हणून हे जमण्यासारखं होतं. कमजोर हाताला हलकं बटण बरं, असा साधा हिशोब करून जपानी सान्वाची ३० मिमीची बटणं मागवली. बोट टेकवलं न टेकवलं की दाबली जातात. फक्त ती पातळ पत्र्यासाठी बनवलेली. जाड प्लायमध्ये त्यांचे कान धरत नाहीत, म्हणून प्लाय मागून खरवडून पातळ करण्यात अख्खा रविवार गेला.

मग प्रश्न आला बोर्डाचा. आधी कंजूषपणा करून जुना कीबोर्ड फोडला. कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला वेगळी तार नसते, आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते. ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या की चौथीही दाबल्याचा भास होतो, आणि तो टाळायला कीबोर्ड काही कळा सरळ गिळून टाकतो. दोघं एकदम खेळणार म्हणजे हे होणारच. आय-पॅकसारख्या तयार बोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र पिन असते, त्यामुळे ही भानगड नाही. मी मात्र प्रो मायक्रो घेतला. तो यूएसबीवर स्वतःच कीबोर्ड असल्याचं सोंग घेतो. चार दिशा, दोन बटणं, स्टार्ट आणि कॉइन, म्हणजे एकाचे ८, दोघांचे १६. पिना १८. देव पावला. शिवाय कोड आपला, म्हणजे सगळं आपल्या हातात. (इंजिनियर लोक इथेच फसतात.)

शनिवारी दादा आला. आढेवेढे घेत बसला. पहिल्याच मिनिटाला मुस्तफा कारण नसताना गरागरा फिरायला लागला. दोन्ही बटणं एकदम दाबली की तो खास हल्ला करतो, आणि तो शत्रूला लागला की आपलीही शक्ती कमी होते. दादा बटणं दाबत नव्हता, त्याचा हात नुसता त्यांच्यावर टेकला होता. पकड नाही म्हटल्यावर हाताचा भार कुठेतरी पडणारच. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला, "माझ्याच हाताचं आहे ते."

मी लॅपटॉप उघडला. ५० मिलिसेकंद दाबलेलं राहिलं तरच बटण मोजायचं, असं कोडमध्ये टाकलं. टेकलेला हात तरीही मोजला जात होता, वर पडद्यावर सेकंदाला साधारण ६० चित्रं, म्हणजे तीन चित्रांचा उशीर. "तुझा मुस्तफा मार खाऊन झाल्यावर उडी मारतोय," दादा म्हणाला. पण हसला, हे महत्त्वाचं.

शेवटी कोड जुन्यावर आणला आणि हॅपच्या धर्तीची अमेरिकन बटणं आणली. जड स्प्रिंग, खोलगट माथा, खाली वेगळा मायक्रोस्विच. २८ मिमीची, पण ३० च्या भोकात नट आवळून बसतात. हात टेकला तरी हलत नाहीत, मुद्दाम दाबलं तरच दबतात. कमजोर हाताला हलकं बटण लागतं हे मी परस्पर ठरवलं होतं. ऑफिसात रिक्वायरमेंट न विचारता डिझाइन करणाऱ्याला मी किती बोलतो! आणि इथे सख्ख्या भावाला एकदाही विचारलं नाही, की बाबा, तुझा हात नेमका कसा टेकतो?

काल रात्री आम्ही दुसऱ्या लेव्हलपर्यंत गेलो. पूर्वी आम्ही शेवटपर्यंत जायचो, पण चालायचंच. निघताना दादा पॅनलवर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी भावुक बोलणार.

"उडीचं बटण अर्धा इंच खाली घे," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी येतो. आणि हॅना तूच घे."

म्हणजे पुन्हा नवीन प्लाय आला. :)