उधारीविना मांडलेला संसार

नवा संसार मांडताना पैशाइतकीच लोकांच्या नजरेचीही अडचण होते. 2016 साली आम्ही कल्याण पूर्वेला भाड्याच्या एका खोलीत राहायला आलो. अनामत भरून हाती 18,000 रुपये उरले होते. मावशी म्हणाल्या, "बसायला साधी खुर्चीसुद्धा नाही का गं?" नणंदबाईंनी सुचवले, "वहिनी, दुकानात नुसती सही करायची. पलंग, फ्रीज, कपाट, सगळे एका दिवसात घरी येते."

सही किती सोपी असते, हे मी माहेरी पाहिले होते. आत्याच्या लग्नासाठी वडिलांनी आईची कानातली फुले गहाण ठेवली. व्याज भरता भरता मुद्दल तसेच राहिले आणि फुले कधी सुटली नाहीत. म्हणून आम्ही दोघांनी ठरवले, की पगारातून उरेल तेवढेच घरात येईल.

वहीत तीन रकाने आखले : रोज लागणारे, पुढे लागणारे आणि नसले तरी चालणारे. पहिल्या रकान्यात शेगडी, कुकर, तवा, दोन पातेली, पाण्याचा पिंप, चटई आणि पंखा एवढेच होते. स्टीलची भांडी वजनावर घेतली. आईने दिलेला फुटका पितळी हंडा मोडीत घातला, त्यातून कुकरचे निम्मे पैसे निघाले. जुन्या साड्यांवर बोहारणीने डबे दिले. पाचव्या महिन्यात उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून साधा लोखंडी पलंग आणला. शेजारचे कुटुंब गावी परतले, त्यांचे लाकडी कपाट घेतले. जुने लाकूड घेताना सांधे आणि फटी उजेडात नीट पाहाव्यात, ढेकूण तिथेच दडलेले असतात. जुना फ्रीज मात्र घेतला नाही. तो वीज जास्त खातो आणि वाचलेले पैसे बिलात जातात. वर्ष संपता संपता, ताऱ्यांची पट्टी पाहून, नवाच घेतला.

भगिनींनी हप्त्याचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. 12,000 रुपये वर्षभरासाठी 12 टक्के सपाट दराने घेतले, तर व्याज 1,440 रुपये होते. पण मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज अखेरपर्यंत पूर्ण 12,000 वरच धरलेले असते. त्यामुळे खरा दर 21 टक्क्यांच्या वर जातो. ‘शून्य टक्के’ व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने 2013 साली मनाई केली, कारण त्यांत व्याज बरेचदा दुसऱ्या नावाने वसूल होत असे. कुणी बिनव्याजी हप्ता म्हटला, की शुल्क किती आणि रोखीने किंमत किती, हे दोन प्रश्न विचारावेत.

2020 च्या टाळेबंदीत यांचा कारखाना बंद राहिला. अडीच महिने पगार आला नाही. डाळ-तांदूळ मोजून शिजवले, पण हप्ता मागायला दारात कुणी आले नाही. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांतले एक अनणसुख, म्हणजे कुणाचे देणे नसण्याचे सुख. त्याचा अर्थ त्या दिवसांत आम्हाला कळला.

नव्या जोडप्यांना एवढेच सांगणे आहे. पाहुण्यांना खुशाल चटईवर बसवा. आपल्या माणसांचा मान खुर्चीवर अवलंबून नसतो.