नांदूरघाट ते कपिलधार : सोबतीने चालणारा भरवसा

बालाघाटाचे पठार बीड जिल्ह्याचे दोन भाग पाडते : उत्तरेला गोदावरीकडे उतरणारी सखल गंगथडी आणि दक्षिणेला मांजरेच्या खोऱ्याकडे कलत जाणारा, खडकाळ माळ, ओढे आणि काळ्या जमिनीचे तुटक पट्टे यांचा डोंगराळ प्रदेश. केज तालुक्यातील नांदूरघाट या दुसऱ्या भागात मोडते. येथून मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारपर्यंतचा प्रवास अंतराच्या हिशेबाने किरकोळ आहे आणि एस.टी.ने, मध्ये एकदा वाहन बदलूनही, तो अर्ध्या दिवसात आटोपतो. परंतु कार्तिक शुद्ध पक्षात, म्हणजे दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात, तो केला असता बालाघाटातील माणसे देवाच्या शब्दावर भरवसा ठेवतात म्हणजे नेमके काय करतात, याचे जे दर्शन रस्त्याच्या कडेलाच घडते, ते ग्रंथांच्या वाचनातून क्वचितच घडते.

या पंधरवड्यात शिवारात ज्वारी वीतभर आलेली असते, कापसाची वेचणी चालू असते, तूर फुलोऱ्यात असते आणि माळावरच्या सीताफळांचा हंगाम सरत आलेला असतो. रस्त्यावर मात्र दोन वेगवेगळे जथे दिसतात. पहिला ऊसतोड कामगारांचा. ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, त्यांत पाचटाच्या खोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, पाण्याची टाकी, पिठाचे डबे, कोंबड्यांची खुराडी, शेळ्या आणि या सगळ्यावर बसलेली बायका-मुले असा हा संसार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेला असतो. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, आणि मुकादम म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा मध्यस्थ या कोयत्याला हंगामाआधी जी आगाऊ रक्कम देतो तिला 'उचल' म्हणतात. ती फिटेपर्यंत कामगार त्या शब्दाला बांधलेला राहतो आणि पुष्कळदा एका हंगामात ती फिटतही नाही.

दुसरा जथा पायी चालणाऱ्यांचा. खांद्यावर भगवी पताका, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष, हातात टाळ आणि मुखाने शिवनाम असे हे लोक लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून कपिलधारला निघालेले वीरशैव लिंगायत भाविक होत. मन्मथस्वामी या संतकवींची समाधी तेथे असून कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते. अहमदपूरचे शिवलिंग शिवाचार्य महाराज, ज्यांचे २०२० मध्ये निधन झाले, यांच्या प्रेरणेने या पदयात्रेला मोठा लोकाश्रय मिळाला. एकाच रस्त्याने एक समूह माणसाने दिलेल्या शब्दाच्या धाकाने आणि दुसरा देवाच्या शब्दाच्या भरवशाने जातो, असे म्हणणे सोपे आहे. पण ट्रॉलीच्या दर्शनी भागावरही देवाची तसबीर बांधलेली असते आणि दिंडीतल्या कित्येकांच्या घरचा कोयता त्याच आठवड्यात कारखान्यावर गेलेला असतो, त्यामुळे ही विभागणी फार ताणता येत नाही.

नांदूरघाट सोडल्यावर मोठा मुक्काम नेकनूरचा. मन्मथस्वामींचा जन्म याच गावी, जुन्या नावाने निगनूर येथे, झाला असे परंपरा मानते. सोळाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या या संताने वीरशैव तत्त्वज्ञान मराठी ओवीत आणले. 'परमरहस्य' हा त्यांचा ग्रंथ शिव-पार्वतीच्या संवादाच्या रूपाने रचलेला असून त्यांचे अभंगही भजनी मंडळांच्या नित्य वापरात आहेत. मराठवाड्यातील लिंगायत वस्तीच्या गावांत जे अखंड शिवनाम सप्ताह होतात, त्यांत 'परमरहस्या'चे पारायण, शिवपाठ, कीर्तन आणि शिवजागर असा क्रम असतो. हा क्रम वारकऱ्यांच्या हरिनाम सप्ताहाशी इतका जुळतो की नाव आणि ग्रंथ बदलले तर दोन्ही मांडवांत परक्या माणसाला फरक कळू नये. पखवाज तोच, वीणा तीच, पहारा बदलण्याची रीतही तीच. तत्त्वज्ञांनी शैव आणि वैष्णव यांच्यात जे अंतर कल्पिले ते बालाघाटातल्या आचाऱ्यांनी आणि पखवाजवादकांनी केव्हाच बुजवले आहे, असे येथे खुशाल म्हणावे.

या यात्रेत एक विसंगती आहे आणि ती मुळाशी जाऊन पाहण्यासारखी आहे. वीरशैव मतात प्रत्येक दीक्षित व्यक्ती गुरूकडून मिळालेले लहानसे लिंग, ज्याला 'इष्टलिंग' म्हणतात, जन्मभर अंगावर धारण करते. देव आपल्यापासून कधीही दूर होणार नाही, याचीच ही खूण होय. तिला वय, लिंगभेद वा कुळाची अट नसावी, असा या मताचा मूळ आग्रह आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, स्थावर देवळांपेक्षा चालत्या-बोलत्या भक्ताला, 'जंगमा'ला, श्रेष्ठ ठरवले आणि तीर्थाटनाचे प्रस्थ कमी केले. जो देव सदैव छातीशी आहे त्याच्यासाठी शंभर-दीडशे किलोमीटर चालावे का, हा प्रश्न म्हणून शास्त्रदृष्ट्या अगदी रास्त ठरतो.

उत्तर रस्त्यावरच्या मुक्कामात मिळते. दुपारी दिंडी झाडाखाली किंवा शाळेच्या पटांगणात विसावली की गावातल्या घराघरांतून भाकरीच्या टोपल्या येतात, कढईत आमटी उकळत असते आणि वाढपी 'शरणार्थ' म्हणत पंगतीतून फिरतात. 'शरणार्थ' हे लिंगायतांचे परस्परांना केलेले अभिवादन असून त्यात समोरच्याला शरण जाण्याचा भाव आहे. अशाच एका पंगतीत पायाला चिंध्या बांधून बसलेल्या वृद्ध बाईला कोणी विचारले, "आज्जी, घरी बसून पूजा केली असती तर देव पावला नसता का?" तेव्हा तिने भाकरी कुस्करता कुस्करता सांगितले, "पावला असता की लेकरा. पण घरी बसल्यावर माझा मलाच भरवसा राहत नाही. हितं चार जणांत राहतो." धर्मशास्त्राच्या भाषेत हाच विचार मांडायचा तर असा मांडावा लागेल की देवाचे अभिवचन व्यक्तीला मिळते, परंतु त्यावर पाऊल टाकण्याचे धैर्य समूहात तयार होते, आणि यात्रा स्थळाकडे जात असली तरी यात्रेकरू प्रत्यक्षात एकमेकांकडेच जात असतात.

हे धैर्य किती खोल जाऊ शकते, याचे उदाहरण या मताच्या इतिहासातच आहे. कल्याण, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, येथे राजा बिज्जलाच्या कारकिर्दीत अनुभवमंटप नावाची सभा भरत असे आणि अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली चांभार, नावाडी, परीट, ब्राह्मण, राजपरिवारातील माणसे व अक्कमहादेवींसारख्या स्त्रिया तेथे एका पातळीवर बसून देवाविषयीचा अनुभव मांडीत, असे परंपरा सांगते. देवापुढे सर्व सारखे, हे या मंडळींनी केवळ चर्चेचे प्रमेय ठेवले नाही. हरळय्या या चांभार शरणाच्या मुलाचा विवाह मधुवरस या मूळच्या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी ठरला आणि लागलाही. राजाने दोघा पित्यांना देहान्ताची शिक्षा दिली, ११६७ च्या सुमारास बिज्जलाचा वध झाला आणि शरणांची पांगापांग झाली. या प्रसंगाचे तपशील वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळे येतात. तथापि काही माणसांनी एकत्र बसून देवाचा शब्द खरा मानला आणि मग त्याप्रमाणे सोयरीक करून दाखवली, असे परंपरा सांगते.

नेकनूरहून मांजरसुंब्याकडे जाताना पठार उघडे पडत जाते, पवनचक्क्या दिसू लागतात आणि वाहतूक वाढते. मांजरसुंबा हा धुळे-सोलापूर महामार्गावरचा चौक. येथून अंबाजोगाई, पाटोदा, बीड आणि चौसाळा अशा वाटा फुटतात. ज्येष्ठाच्या अखेरीस याच महामार्गाच्या पट्ट्यातून मुक्ताईनगरची मुक्ताबाईंची पालखी बीड, पाली, चौसाळा असे टप्पे घेत भूमकडे आणि पुढे पंढरपूरला जाते, तर पूर्वेला शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई, कळंब या मार्गाने उतरते. नांदूरघाटचा परिसर या दोन पालखी मार्गांच्या मधोमध येतो. वारकरी ज्या अभिवचनाचा आधार घेतात ते गीतेच्या नवव्या अध्यायातील 'योगक्षेमा'चे होय : योग म्हणजे जे नाही ते मिळवून देणे आणि क्षेम म्हणजे जे आहे ते राखणे, आणि अनन्य भक्तांसाठी हे दोन्ही देव स्वतः वाहतो असा त्याचा आशय आहे. मृगाचा पाऊस पडला न पडला अशा वेळी, तिफण नुकतीच उचलून ठेवलेली असताना किंवा पेरणी बाकीही असताना, शेत शेजाऱ्याच्या हवाली करून तीन-चार आठवडे निघून जाणे हा पर्जन्यछायेच्या प्रदेशातील शेतकऱ्यासाठी काव्याचा विषय नसून रोख जोखीम आहे.

याहून मोठी जोखीम गावे मिळून घेतात. बीड जिल्ह्यात आणि त्याच्या सीमेवर नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड अशी वारकरी संप्रदायाची पीठे आहेत, त्यांना लोक नुसते 'गड' म्हणतात. गडाचा नारळी सप्ताह चैत्राच्या सुमारास दरवर्षी वेगळ्या गावी होतो, आणि समाप्तीला जे गाव पुढच्या वर्षीचे यजमानपण मागते त्याला नारळ दिला जातो. नारळ घेतला म्हणजे आठवडाभर हजारोंच्या पंगती, मांडव, पाणी, कीर्तनकारांची व्यवस्था हे सारे वर्षभर आधी अंगावर घेतले. चैत्रात पाऊस दोन-अडीच महिने लांब असतो, विहिरींनी तळ गाठलेला असतो, आणि पुढचे साल सुगीचे की दुष्काळाचे याचा अंदाज हवामान खात्यालाही नसतो. तरीही नारळाला गाव मिळत नाही असे होत नाही. उलट मागणाऱ्या गावांत चुरस असते. अर्थशास्त्राच्या कसोटीवर हा निर्णय टिकत नाही, पण घराघराने धान्य, पायली-दोन पायली का होईना, काढून ठेवल्याने आणि शेजारच्या गावांनी भाकरी करून पाठवल्याने तो दरवर्षी पार पडतो. देव देईल ही श्रद्धा आणि शेजारी देईल हा अनुभव, या दोहोंमधली रेघ नारळ घेणाऱ्या गावाला फारशी दिसत नाही, आणि ती दाखवून देण्याचा अट्टहास अभ्यासकानेही करू नये.

मांजरसुंब्याहून कपिलधारचा फाटा डोंगराच्या कडेने खाली उतरतो. तिन्ही बाजूंनी कडे, मध्ये दरी, कड्यावरून कोसळणारा धबधबा आणि त्याच्या सान्निध्यात समाधिमंदिर अशी या स्थळाची रचना आहे. पावसाळ्यात येथे सहलींची गर्दी होते, कार्तिकात धार बारीक झालेली असते आणि दरी माणसांनी भरते. राहुट्या, प्रसादाची दुकाने, रात्रभर चालणारी भजने, ठिकठिकाणच्या मठांच्या शिवाचार्यांची प्रवचने यांचे वर्णन कोणत्याही यात्रेच्या वर्णनासारखेच होईल, म्हणून ते येथे वाढवण्याचे कारण नाही.

विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. चालण्याचे, उपवासाचे, अन्नदानाचे धाडस या प्रदेशात उदंड आहे. हरळय्या-मधुवरसांनी केलेले धाडस मात्र दुर्मीळ आहे. वारकरी परंपरेतही हाच पेच दिसतो. चोखोबांचे अभंग दिंडीत गायिले गेले, पण त्यांच्या जातबांधवांना विठ्ठलाचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरी प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले, आणि त्याआधी महिनोन् महिने महाराष्ट्रभर हिंडून सोबती जमवावे लागले. देवाच्या शब्दावरचा भरवसा समविचारी माणसांत वाढतो हे खरे असले, तरी समविचारी माणसांची सोबत पुष्कळदा स्वस्थतेचीही होते. सगळेच आपल्यासारखे असले की कोणीच पुढचे पाऊल सुचवत नाही. कल्याणची सभा वेगळी ठरली, कारण तेथे एकत्र आलेली माणसे विचाराने एक असली तरी जन्माने एक नव्हती.

बालाघाटात असे पुढचे पाऊल शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. ऊसतोडीला गेलेल्या कोयत्यांची जी मुले शाळेसाठी आजी-आजोबांजवळ किंवा नातेवाइकांकडे मागे राहतात, त्यांच्यासाठी शासनाची 'हंगामी वसतिगृहे' ही योजना आहे. हंगामाच्या काळात या मुलांना गावातच जेवण आणि देखभाल मिळावी, म्हणजे ती आईबापांमागे फडावर जाऊन शाळेला मुकणार नाहीत, हा तिचा हेतू. ज्या गावात सप्ताह समिती आहे, भांडी आहेत, आचारी आहेत, पंगत वाढणारी पोरे आहेत आणि पुढच्या वर्षाचा नारळ न डगमगता घेण्याची सवय आहे, त्या गावाला पन्नास मुलांचे पाच-सहा महिन्यांचे जेवण अवघड नाही. नांदूरघाट, नेकनूर आणि आसपासच्या गावांतील शिवनाम व हरिनाम सप्ताहांच्या समित्यांनी जातगोत न विचारता या मुलांची रोजची पंगत आपल्या अंगावर घ्यावी, आणि ती दिवाळीनंतर ट्रॉल्या गाव सोडतात त्याच दिवशी सुरू करावी.