माशांचं पाणी

आमच्या घरात पाण्यावरून भांडण होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. वर्ध्यापासून थोड्या अंतरावर आमचं गाव आहे. अंगणात आजोबांनी खोदलेली विहीर आहे. मे महिन्यात आसपासच्या विहिरी तळ गाठतात, आमची आटत नाही. आजीला तिचा फार अभिमान.

पुण्यातली नोकरी घरून करायची परवानगी मिळाली, तेव्हा मी सामानासोबत १०० लिटरची एक काचेची टाकी घेऊन गावी आले. खाऱ्या पाण्याची टाकी! तिच्यात दोन नारिंगी क्लाऊनफिश आणि एक लाल-पांढरी कोळंबी. पुण्यात मी दुकानातून शुद्ध पाण्याचे कॅन आणायचे आणि त्यात मत्स्यालयासाठीचं सागरी मीठ मिसळायचे. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तेवढंच प्रमाण ठेवायचं. स्वयंपाकातलं मीठ यासाठी चालत नाही. समुद्रातले मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे त्यात नसतात.

गावात असे कॅन कुठून मिळणार? विहीर होतीच. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. मी तेच वापरलं.

तीन आठवड्यांत काचेवर तपकिरी थर चढला. मग हिरवं शेवाळ आलं. सकाळी पुसावं, तर संध्याकाळी पुन्हा हजर. कोळंबी दगडामागे लपून बसली. मी टेस्ट किट काढून टाकीतलं पाणी तपासलं. नायट्रेट खूप जास्त होतं. सहज म्हणून विहिरीचं पाणीही तपासलं, तर नळीतला रंग लालभडक झाला.

"काऊन व पोरी, आपल्या विहिरीचं पाणी अर्धं गाव पेते. तुया मासोयीलेच कसं चालत नाही?" आजी खरंच दुखावली होती.

मी शुद्धीकरणाचं यंत्र मागवलं. आधी गाळ अडवणारा फिल्टर, मग कार्बन, मग आरओची पापुद्र्यासारखी जाळी आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषून घेणारं रेझिन. विहिरीच्या पाण्याचा टीडीएस ७४० होता, रेझिननंतर तो शून्यावर आला. पण महागडं रेझिन महिन्याभरातच संपलं. शोधाशोध केल्यावर कारण कळलं. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असू शकतो. तो आरओतून आरपार जातो आणि रेझिन लवकर संपवतो. आता मी पाणी रात्रभर ड्रममध्ये ठेवते आणि हवेच्या पंपाने बुडबुडे सोडते. रेझिन पुष्कळ जास्त टिकतं.

इथवर ही माझ्या छंदाची गोष्ट होती. मग ताई बाळंतपणाला माहेरी आली.

बाळ झालं. ताईला दूध कमी येत होतं, म्हणून डॉक्टरांनी काही दिवस वरचं पावडरचं दूध सांगितलं. आईने विहिरीचं पाणी उकळायला ठेवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. नायट्रेट जास्त असलेलं पाणी लहान बाळांना, विशेषतः सहा महिन्यांच्या आतल्या, धोक्याचं असतं. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडू शकतं.

"अगं, उकळलं की सगळं मरतं," बाबा म्हणाले.

"जंतू मरतात बाबा. नायट्रेट जंतू नाही, विरघळलेला क्षार आहे."

बाबांना पटेना. मी त्यांना टाकीपाशी नेलं. रोज थोडं पाणी उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून वरून भर घालताना गोडं, शुद्ध पाणी घालावं लागतं. खारं घातलं, तर टाकी दिवसेंदिवस जास्तच खारट होत जाईल. उकळतानाही तसंच. वाफ जाते, नायट्रेट भांड्यातच राहतं, उलट थोडं दाटच होतं.

बाबा गप्प होते. दारातून आजी म्हणाली, "म्हंजे वरन आटलं का खारं होते, तसंच ना?"

तसंच, आजी. अगदी तसंच.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटली घेऊन गेले. अहवालात नायट्रेट लिटरला ८२ मिलिग्रॅम आलं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे. मग आरओनंतरचं, पण रेझिनच्या आधीचं पाणी तपासून घेतलं. ते ९ निघालं. अहवाल डॉक्टरांना दाखवला आणि त्यांनी होकार दिल्यावर तेच पाणी उकळून बाळाच्या दुधासाठी वापरलं. अहवाल येईपर्यंत ताईने सीलबंद बाटलीतलं पाणी उकळून घेतलं.

विहिरीचा दोष नव्हता. तिच्या वरच्या अंगाला गोठा आहे, त्याला लागून उकिरडा, पलीकडे शोषखड्डा आणि मग कपाशीचं शेत. शेण, मैला, युरिया, सगळ्यातलं नायट्रोजन पावसाबरोबर खाली झिरपत होतं. बाबांनी उकिरडा लांब, उताराच्या बाजूला हलवला. शोषखड्ड्याचं काम या उन्हाळ्यात काढायचं आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासलं, तेव्हा आकडा ७१ होता. एवढ्या वर्षांचं झिरपलेलं एका पावसात निघत नाही.

तुमच्याकडे विहीर किंवा बोअर असेल, तर एकदा पाणी तपासून घ्या. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चवही लागत नाही. नुसत्या यूव्ही फिल्टरने ते जात नाही.

आरओतून वाया जाणाऱ्या पाण्याने आई फरशी पुसते. टाकीतलं शेवाळ गेलं, कोळंबी बाहेर आली. आजी मात्र अजूनही विहिरीला हळदकुंकू वाहते आणि मग आत येऊन विचारते, "बाळाच्या दुधाले मासोयीचं पाणी घेतलं ना व?"