भाच्याची ३५०झेड

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये काम करण्याचं हे माझं तेविसावं वर्ष. इतक्या वर्षांत गावच्या आणि आजूबाजूच्या किती पोरांना जुन्या गाड्या बघून दिल्या याचा हिशोब नाही. बहुतेकांना कोरोला नाहीतर सनी हवी असते. कामावर जायला आणि जुम्म्याच्या संध्याकाळी बायकामुलांना घेऊन फिरायला. गेल्या ईदनंतर मात्र दुबईला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला, "मामू, मला ३५०झेड घ्यायचीय."

निसानची ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, ताकद मागच्या चाकांना. २००२ पासून २००८ पर्यंत बनली, म्हणजे आज बाजारात मिळते ती म्हातारी झालेली आणि बहुधा दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली. भाच्याजवळ पस्तीस हजार दिरहम साठले होते. चार वर्षांची बचत. माझ्या बहिणीच्या मनात त्या पैशांतून खेडच्या घरावर स्लॅब टाकायचा होता. तिचाही फोन आला. "भाई, तुम्ही त्याला नाही म्हणा. तुमचं तो ऐकेल."

मी नाही म्हटलं नाही. पोरगा दर महिन्याला घरी पैसे पाठवतो, कर्ज काढत नाही, उधारी करत नाही. मी फक्त दोन अटी घातल्या. गाडी मी पसंत करीन तीच, आणि दहा हजार दिरहमना हात लावायचा नाही. जास्त धावलेली स्पोर्ट्स कार विकत घेणं सोपं असतं, पहिल्या वर्षातला तिचा खर्च माणसाला बसवतो. सगळी पुंजी किमतीत घालणाऱ्यांच्या गाड्या मग आमच्यासारख्यांच्या गॅरेजबाहेर धूळ खात उभ्या राहतात.

पहिली गाडी एका शोरूममध्ये बघितली. २००४ चं मॉडेल, लाल, आरशासारखी पुसलेली, मीटरवर ९८,०००. भाच्याचे डोळे चमकले. मी आधी मीटरची तबकडी बघितली. मोठे आकडे मैलांचे होते, म्हणजे गाडी अमेरिकेतून आलेली. ९८,००० मैल म्हणजे दीड लाख किलोमीटरच्याही वर. अशा गाड्यांमध्ये तिकडे अपघातात सापडून लिलावात निघालेल्याही असतात. चासी नंबरवरून अमेरिकेतला इतिहास पैसे भरून काढता येतो आणि तो काढल्याशिवाय पुढे बोलू नये. पण तिथपर्यंत जायची वेळच आली नाही. डिकीतला गालिचा उचलला तर चाकाच्या खड्ड्याजवळ कंपनीच्या नसलेल्या वेल्डिंगचे डाग दिसले. मागच्या चाकांच्या कमानीत आतून वितळलेल्या रबराच्या काड्या चिकटल्या होत्या. ही गाडी कोणीतरी वाळवंटाकडच्या मोकळ्या रस्त्यावर गोल गोल घसरवत फिरवली होती. क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड फाटलेली. आणि बोनेटवर हात ठेवला तर गरम. आम्ही येणार हे माहीत असूनही इंजिन आधी चालवून ठेवलेलं. सलाम करून निघालो.

बोनेटला मी इतकं महत्त्व का देतो ते सांगतो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू होताना पहिल्या अर्ध्या मिनिटात जे बोलते ते नंतर बोलत नाही. टायमिंग चेनचा खळखळाट, सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, थंडच गिअर टाकताना लागणारी खरखर, हे सगळं इंजिन तापलं की लपतं. म्हणून विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगायचं, भाऊ, मी येईपर्यंत चावी फिरवू नका.

दुसरी गाडी अजमानला एका केरळी इंजिनिअरची. २००८ ची, जीसीसीची, म्हणजे आखातासाठीच बनलेली, मॅन्युअल गिअरची, मीटरवर १,९२,०००. भाच्याचा चेहरा उतरला. त्या माणसाने आधी फाइल पुढे केली: कधी तेल बदललं, कधी क्लच, कधी रेडिएटर, सगळ्या पावत्या तारखेने लावलेल्या. प्रत्येक पावतीवर मीटरचा आकडा होता आणि तो चढतच गेला होता. डिजिटल मीटर मागे फिरवणाऱ्यांची इथे कमी नाही, पण नऊ वर्षांच्या पावत्या मागे फिरवता येत नाहीत. मग त्याने न विचारता सांगितलं, "डाव्या खिडकीची मोटर अडकते, पुढचे बुश गेलेत, मागचे टायर बदलावे लागतील." विकताना मालाचा ऐब आधी सांगावा हे आपण मकतबमध्ये शिकलो, बाजारात असा माणूस भेटला की मी किंमत पाडताना जीभ आवरतो.

तरी गाडी तपासली, आणि नीट तपासली. २००७ पासून या गाडीत जे इंजिन आलं, ज्याला आम्ही एचआर म्हणतो, त्यात पुढच्या कव्हरमागे तेलाच्या वाटेवर एक कागदी गॅस्केट आहे. ती फाटली की तेलाचा दाब पडतो. गॅस्केट किरकोळ पैशांची, पण तिथे पोचायला इंजिनाचं पुढचं सगळं उघडावं लागतं, मजुरीच माणसाचा घाम काढते. नशिबाने या गाडीत डॅशबोर्डच्या मधोमध तीन गोल घड्याळं असतात आणि त्यांतलं एक तेलाच्या दाबाचं. एसी लावून भर दुपारी अर्धा तास चालवली आणि सिग्नलवर उभी केली. काटा खाली आला पण तळाला बसला नाही, अॅक्सिलरेटर देताच वर गेला. थंड इंजिनावर हा काटा नेहमीच छान दिसतो, त्यावर जाऊ नये. त्याआधीच्या मॉडेलांपैकी २००६ च्या मॅन्युअल गाड्या तेल पिण्यासाठी बदनाम आहेत. तशी घेणाऱ्याने डिपस्टिक ओढून बघावीच.

क्लचसाठी एक साधी युक्ती: तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवत एकदम अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. दुसऱ्यावरून तिसऱ्यात झटक्यात टाकताना करकर झाली तर सिंक्रो गेलेत. आमच्या गाडीला दोन्ही नव्हतं. ब्रेक मारताना स्टीअरिंग मात्र थरथरलं, ते त्याने सांगितलेले बुश. खाली जाऊन डिफरन्शियलचा बुश बघितला, त्यातून काळं पाणी गळायला लागलं होतं. हे मालकालाही माहीत नव्हतं.

शेवटी आमच्याच गॅरेजमध्ये आणून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. आकडा किती यापेक्षा सहा आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे बघायचं. एक जरी बराच खाली निघाला तर गाडी सोडून द्यावी. स्कॅनर लावल्यावर फक्त कोड नाहीत यावर खूश होऊ नये. काही जण दाखवायच्या सकाळी कोड पुसतात, मग गाडीच्या आतल्या चाचण्या अपुऱ्या दिसतात. आमच्या गाडीच्या सगळ्या पूर्ण होत्या.

तो अठ्ठावीस हजार म्हणत होता. बुश, टायर, खिडकी, डिफरन्शियल यांचा हिशोब कागदावर मांडला आणि साडेचोवीस हजारांवर हात मिळवला. मुल्किया नावावर करण्याआधी गाडीवरचे सगळे दंड त्यानेच भरले. ते बाकी असले तर ट्रान्सफर होत नाही. गावाकडे कोणी जुनी वेगवान गाडी घेत असेल तर तिथेही हेच: आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म, ई-चलनं भरलेली, आणि २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर सही झाल्याशिवाय पूर्ण पैसे हातात द्यायचे नाहीत. विम्यात पूर्वी क्लेम घेतलेत का हेही विचारा.

भाच्याला गाडी मिळाल्या मिळाल्या मोठा आवाज करणारा सायलेन्सर लावायचा होता. मी म्हटलं, आधी बुश आणि टायर. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं हे त्याला दाखवलं. जुने टायर सहा वर्षांचे निघाले, नक्षी शिल्लक असूनही. इथल्या उन्हात असलं रबर हायवेवर फुटतं.

दुरुस्तीला चार हजार लागले. हात न लावलेल्या दहा हजारांतले उरलेले सहा आणि किमतीत वाचलेले पाचशे त्याने बँकेत ठेवलेत. बहिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आणि स्लॅब?" भाचा पावसाळ्याआधी पैसे पाठवतो म्हणालाय.